शंख कोणी चोरला?

नाशिक,
रविवार, सकाळी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मंगळवारीच मिळाले होते, परंतु तुझ्या प्रश्नाचे उत्तर चार ओळींत उरकण्यासारखे नव्हते, म्हणून रविवारची वाट पाहिली. चिरंजीवांना आठवे वर्ष लागले, ते संगणकावर खेळ मागतात आणि हाणामारीखेरीज दुसरे काही तुला दुकानात दिसत नाही, असे तू लिहिले आहेस. तुझी काळजी मला पटते. तरीही एक खेळ असा आहे की जो मी आमच्या धाकटीसोबत गेले तीन महिने खेळतो आहे आणि जो मी तुझ्या घरी निःशंकपणे पाठवीन.

‘फ्रेडी फिश’ या मालिकेतला हा तिसरा खेळ, 1998 सालचा. फ्रेडी ही पिवळी मासोळी आणि लूथर हा तिचा लहानसा हिरवा मित्र. ही जोडी सुट्टीसाठी समुद्रातल्या एका बेटाजवळ जाते, तर तिथे लूथरच्या काकांनाच कोठडीत टाकलेले असते. ज्या मोठ्या शंखाच्या नादाने तिथल्या उत्सवाला सुरुवात व्हायची, तो शंख चोरीला गेलेला असतो आणि त्याचे राखणदार हे काकाच असल्यामुळे संशय त्यांच्यावर आलेला असतो. धाकटीने ही हकिकत आईला सांगितली, तेव्हा आई हातातली जपमाळ थांबवून म्हणाली, “अगं बाई, ऐन उत्सवात शंख गेला?” आमच्या देवघरातला शंख रोज पाहणाऱ्या मुलीला त्या चोरीचे गांभीर्य वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

खेळण्याची रीत अगदी सोपी आहे. पडद्यावर एक चित्र असते, माउसचा बाण हव्या त्या वस्तूवर न्यायचा आणि बटण दाबायचे. वस्तू उपयोगाची असेल तर फ्रेडी ती जवळ ठेवते, पुढे योग्य ठिकाणी ती वापरायची. भेटेल त्याच्याशी बोलायचे, त्याला काय हवे आहे ते जाणून घ्यायचे आणि त्यातून तपासाचा पुढचा धागा मिळवायचा. लिहिलेला मजकूर वाचावा लागत नाही, सगळे संवाद ऐकू येतात. याखेरीज चित्रातल्या कितीतरी गोष्टी केवळ गंमत म्हणून हलतात, त्यामुळे तपास अडला तरी मूल कंटाळत नाही.

या साधेपणामागे बराच विचार आहे. संगणकावरचे खेळ रचणारे रॉन गिल्बर्ट यांनी 1987 मध्ये, लुकासफिल्म गेम्स या कंपनीत असताना, एका साहसी खेळासाठी ‘स्कम’ नावाची, खेळ रचण्याची प्रणाली सहकाऱ्यांसोबत घडवली. त्या काळच्या साहसी खेळांत एक पाऊल चुकले की नायक मरायचा आणि खेळणाऱ्याने त्या मरणातूनच शिकावे अशी अपेक्षा असायची. गिल्बर्ट यांनी 1989 मध्ये एक लेख लिहून या प्रकाराला स्पष्ट विरोध केला. पुढे 1992 मध्ये शेली डे यांच्यासोबत त्यांनी ह्यूमंगस एंटरटेनमेंट ही संस्था काढली आणि तीच प्रणाली मुलांच्या खेळांसाठी वापरली. म्हणून इथे फ्रेडी मरत नाही. तपासाला घड्याळही लावलेले नाही. चुकीची वस्तू चुकीच्या ठिकाणी नेली तर फक्त काही घडत नाही आणि मूल पुन्हा विचार करते. मुलावर एवढा विश्वास टाकणारी वस्तू मला फार क्वचित दिसली आहे.

आता मुख्य गोष्ट सांगतो, जिच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो. या खेळात चोर दर वेळी तोच नसतो. नवा डाव सुरू केला की संशयितांपैकी कोणीतरी वेगळाच अपराधी निघू शकतो आणि वस्तूंच्या जागाही बदलतात. धाकटीने पहिला डाव जिंकल्यावर दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्याआल्या दप्तरही न उतरवता जाहीर केले, “मला चोर माहीत आहे.” मी मुद्दाम गप्प राहिलो. ती कालच्याच चोराच्या मागे लागली होती, पण हाती आलेला पुरावा त्याच्याशी जुळेना. तिने तो दोनदा तपासला, माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, “बाबा, काल त्यानेच केलं होतं, पण आज त्यानं नाही केलं.” त्यानंतर तिने सगळ्यांची चौकशी पहिल्यापासून केली.

त्या क्षणी मला आपले भाड्याचे वाचनालय आठवले. तिथून आणलेल्या त्या रहस्यकथेची शेवटची पाने कोणीतरी फाडून नेली होती, तुला आठवते ना? आपण आठवडाभर ओट्यावर बसून भांडलो होतो. तू माळ्याला खुनी ठरवलेस, मी डॉक्टरला, आणि प्रत्येकाने आपापल्या बाजूने पुस्तकातली वाक्ये काढून दाखवली. उत्तर शेवटपर्यंत मिळाले नाही, पण इतक्या बारकाईने मी त्यानंतर एकही पुस्तक वाचलेले नाही.

एक अडचण मात्र आहे. संवाद इंग्रजीत आहेत आणि आपली दोघांची मुले मराठी शाळेतली. सुरुवातीला मी प्रत्येक वाक्याचे मराठी करून सांगत होतो, आता तीच मला अर्थ सांगते आणि अडले तरच विचारते. त्यामुळे पहिले काही दिवस तुला शेजारी बसावेच लागेल, आणि माझे ऐकशील तर नंतरही बसत जा. आपल्या भाषेत असा एखादा खेळ व्हावा, कोकणातल्या एखाद्या बंदरावर घडणारा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

खेळ जुना असला तरी आजच्या संगणकावर चालतो. स्टीम या इंटरनेटवरच्या खेळांच्या दुकानात तो विकत मिळतो, आणि जुनी सीडी हाती लागली तर ‘स्कमव्हीएम’ हा मोफत प्रोग्राम ती चालवतो. तुला खटपट नको असेल तर दिवाळीच्या सुट्टीत चिरंजीवांना घेऊन इकडेच ये. एकाच माउसपाशी दोघांना बसवू. धाकटीला मी आधीच बजावले आहे की आधीच्या डावांतले चोर त्याला सांगायचे नाहीत. ती म्हणाली, “सांगितले तरी काय उपयोग?”

वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना अनेक आशीर्वाद. गाडीची वेळ कळव, मी स्टेशनवर येतो.

तुझा,
बालमित्र