टाके निघाले, पण जखम भरली का?

महोदय,

शस्त्रक्रिया विभागाच्या ड्रेसिंग रूममध्ये परिचारिका म्हणून माझी सगळी नोकरी गेली. टाके काढताना रुग्णाचा प्रश्न ठरलेला असायचा, ‘सिस्टर, आता झालं ना? उद्यापासून कामाला लागू?’ हल्लीही ओळखीचे लोक फोनवर तेच विचारतात. म्हणून हे पत्र.

टाके बहुधा ७ ते १० दिवसांत निघतात. तोवर वरची कातडी सांधलेली असते, पण त्या जागेला मूळ त्वचेच्या जेमतेम १० टक्के ताकद आलेली असते. तिसऱ्या आठवड्यात ती २० टक्क्यांच्या आसपास जाते आणि तीन महिन्यांनी ७०-८० टक्क्यांवर थांबते. पुरती शंभर टक्के कधीच येत नाही. सुरुवातीला घाईघाईने घातलेले कोलॅजन (त्वचेला बळकटी देणारे प्रथिन) काढून त्या जागी मजबूत कोलॅजन घालण्याचे काम आत वर्षभर, कधी त्याहून जास्त चालते. लाल, खाजरा व्रण हळूहळू फिकट होतो तो त्यामुळेच. मधुमेह ताब्यात नसेल किंवा सिगारेट सुटत नसेल, तर सगळेच लांबते.

पहिल्या दोन-तीन दिवसांतली थोडी सूज आणि लाली पाहून लोक उगाच धास्तावतात. पांढऱ्या पेशी तिथे साफसफाई करत असतात. लाली पसरत गेली, पू आला, ताप चढला, तर मात्र लगेच दाखवावे. उघड्या जखमेच्या तळाशी लालभडक, ओलसर, दाणेदार मांस दिसू लागले की नातेवाईक म्हणतात, ‘चिघळली वाटतं.’ अहो, ते दिसावे म्हणून तर आम्ही वाट पाहतो! त्या प्रत्येक दाण्यात कोवळ्या रक्तवाहिन्या असतात, नुसता बोळा लागला तरी रक्त येते. तिथे चिकटलेली कोरडी गॉझ एका झटक्यात ओढली की आठवड्याची मेहनत गॉझबरोबर निघून येते. सलाइनने भिजवावी, थोडे थांबावे, मग अलगद सोडवावी.

‘वारा लागू दे, खपली धरू दे’ हा सल्ला तर अजून घरोघरी चालतो. संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्येच डुकरांवरील प्रयोगात दाखवले होते की, झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमेवर उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने नवी कातडी येते.

माझी खरी तक्रार डिस्चार्ज कार्डाबद्दल आहे. त्यावर ‘विश्रांती’ एवढेच लिहितात. त्याचा अर्थ कोणी महिनाभर अंथरुणात पडून राहणे असा घेतो, तर कोणी टाके निघाल्याच्या संध्याकाळी भरलेली बादली उचलतो. पोटाची शस्त्रक्रिया असेल तर चालणे-फिरणे हवेच, पण आतले आवरण मजबूत होण्याआधी जड उचलले तर पुढे हर्निया होऊ शकतो. छापील कार्डावर दोन रिकाम्या जागा ठेवाव्यात आणि त्या डॉक्टरांनीच भराव्यात: वजन कधीपासून उचलायचे आणि किती किलोपर्यंत.

– एक निवृत्त परिचारिका