नदीतला ऑक्सिजन पण फुटासारखा छापा की

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

५ जूनला तुमची पर्यावरण दिनाची पुरवणी आली, दुपारी जेवण झाल्यावर चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. झाडं लावा, कापडी पिशवी वापरा, सिग्नलला गाडी बंद करा. सगळं बरोबर आहे, वाद नाही. पण एवढ्या पानांत आपल्या पंचगंगेचं नाव आलं ते एका कवितेत, आणि त्या कवितेत ती "निर्मळ" होती. ते वाचून बायको म्हणाली, कवीला एकदा मार्चमध्ये बंधाऱ्यावर आणून उभं करा. म्हणून हे पत्र. लांबलंय जरा, कापा हवं तर, पण पहाटेचा भाग तेवढा कापू नका.

माझं गाव शिरोळ तालुक्यात, तेरवाड बंधाऱ्यापासून फार लांब नाही. ऊस, थोडा भाजीपाला, दोन म्हशी. प्रयाग चिखलीला नद्या एकत्र होऊन जी पंचगंगा सुरू होते ती नरसोबावाडीला कृष्णेला मिळेपर्यंत ८० किलोमीटरच्या आसपास वाहते, आणि आम्ही तिच्या शेपटाकडचे. म्हणजे वर ज्यानं जे काही टाकलं ते सगळं फिरून आमच्या दारात. कोल्हापूरचे नाले, इचलकरंजीचं रंगाचं पाणी घेऊन येणारा काळा ओढा, नदीकाठच्या गावांची गटारं, साखर कारखान्यांच्या हंगामात कुठनं तरी येणारं मळीचं पाणी. कुठल्या कारखान्याचं नाव मी घेत नाही, माझ्याकडे पुरावा नाही, आणि नाव घेऊन काय होतं ते पण बघितलंय.

तर या मार्चमधली गोष्ट. पहाटे साडेपाचला शेजारच्याचा फोन, "आलेत वर." एवढंच बोलला. आमच्याकडं हे दोन शब्द पुरतात. बॅटरी घेऊन गेलो तर पाण्यावर नुसती तोंडं. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात ना, त्याचा एक बारीक पचपच आवाज येतो, हजारो तोंडांचा एकदम, तो ज्यानं ऐकलाय त्याला सांगायला नको. आधी बारकी मासळी वर येते, मग चिलापी, मग रोहू-कटला. उजाडेपर्यंत पांढरी पोटं वर करून सगळं बंधाऱ्याला येऊन टेकलं होतं. मरळ मात्र शेवटपर्यंत टिकून होती, कारण मरळ वर तोंड काढून सरळ हवेतला श्वास घेऊ शकते, तिचं पाण्यातल्या ऑक्सिजनवर सगळं अवलंबून नसतं. आमच्याकडचे जुने मासेमार म्हणतात, मरळ जिवंत असेल तर पाण्यातला श्वास संपलाय, मरळ पण मेली तर पाण्यात काहीतरी विषारी आलंय. हे काय लॅबचं सर्टिफिकेट नाही पण मला पटतं.

साडेबाराच्या सुमाराला साहेब आले. संबंधित खात्याचे, एवढंच लिहितो. पंचनामा झाला, प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पाणी भरलं, फोटो निघाले, कुणीतरी मेलेला मासा शेपटीला धरून कॅमेऱ्यासमोर उचलला, चहा झाला, गाडी गेली. पुढं काय झालं ते विचारायला मी दोनदा फोन केला, एकदा साहेब मीटिंगमध्ये होते आणि एकदा साहेब बदलून गेले होते.

आता मुद्द्याचं. माझी पुतणी एमएस्सी केमिस्ट्री करते, ती सुट्टीला आली होती, तिनं हे सगळं बघितलं आणि मला म्हणाली काका दुपारी साडेबाराला सँपल घेणं म्हणजे चोर पळून गेल्यावर कुलूप तपासणं. मला कळंना. मग तिनं समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. पाण्यात ऑक्सिजन विरघळलेला असतो, तोही फार नाही, ३० अंश तापमानाला अगदी स्वच्छ पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास, त्याच्यावर जात नाही. पाणी तापलं की अजून कमी. त्यात घाण आली की जिवाणू ती घाण खातात आणि खाताना श्वास घेतात, म्हणजे माशाच्या वाटचा ऑक्सिजन ते संपवतात. दिवसा ऊन असतं तेव्हा पाण्यातलं शेवाळ थोडा ऑक्सिजन तयार करतं. रात्री ते बंद, उलट शेवाळ पण श्वास घ्यायला लागतं. म्हणून ऑक्सिजन सगळ्यात कमी कधी, तर सूर्य उगवायच्या आधी. मासे त्याच वेळी मरतात. आणि साहेब येतात दुपारी, तोवर उन्हानं आकडा थोडा वर आलेला असतो, आणि वर तो कॅन हिंदकळत गाडीतनं नेला की हवा मिसळून आणखी वर.

नियमानं म्हणे ऑक्सिजनसाठी काचेची वेगळी बाटली असते, बुडबुडा न राहता काठोकाठ भरायची आणि तिथंच नदीवर दोन केमिकल घालून तो ऑक्सिजन "पकडून" ठेवायचा. पुतणीनं कॉलेजच्या सरांना विचारून तसल्या बाटल्या आणल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं गेलो. मी बॅटरी धरली, तिनं बाटली भरली, थेंब टाकले. ऑक्सिजन असेल तर आत तपकिरी गाळ धरतो, नसेल तर पांढरा. पांढरा धरला. हलवली, थांबलो, पांढरा तो पांढराच, दुधात चुना घातल्यासारखा. मग दुपारी बारा वाजता त्याच दगडावरनं परत बाटली भरली, तर फिकट का होईना तपकिरी. एकच नदी, एकच जागा, सहा-सात तासांचा फरक, आणि कागदावर दोन वेगळ्या नद्या.

मी त्या दोन बाटल्यांचा फोटो काढून ठेवलाय, पाहिजे असेल तर पाठवतो.

आता दुसरं, आपल्याकडं मासे मेले की सगळे पुढारी एकच मागणी करतात, राधानगरीतनं पाणी सोडा. शाहू महाराजांनी ते धरण बांधायला घेतलं ते रान भिजावं म्हणून, गटार ढकलायला नाही. पाणी सोडलं की घाण एका बंधाऱ्यावरनं दुसऱ्या बंधाऱ्यावर, तिथनं वाडीला, वाडीतनं कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याला, मग कर्नाटकात. वाडीच्या संगमावर जाऊन बघा कधी उन्हाळ्यात, कृष्णेचं पाणी आणि आमचं पाणी शेजारी शेजारी चाललेलं दिसतं, कुठलं कुठलं ते सांगावं लागत नाही. लोक तिथं दत्त महाराजांचं नाव घेऊन डुबकी मारतात. मी पण मारतो, खोटं कशाला सांगू, पण आता कृष्णेच्या अंगाला सरकून मारतो.

केंदाळाचं पण तेच. पेपरात जलपर्णी म्हणतात. दरवर्षी पोकलेन लावून काढायचं, काठावर ढीग टाकायचा, फोटो, आणि पुढच्या महिन्यात परत हिरवंगार, आमच्या मोटारीच्या फूटव्हॉल्व्हला गुंडाळलेलं. केंदाळ हा रोग नाही, त्याला खायला घालणारं पाणी हा रोग आहे. आणि इथं आम्ही शेतकरी पण काय धुतल्या तांदळासारखे नाही बरं का. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावून दीड वर्षानं तोडायच्या, उसाला शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची, ती आधीच काय थोडी नाही, त्यावर आमच्यात पोत्याच्या हिशेबानं आणि शेजाऱ्यानं किती टाकलं त्याच्यावर खत पडतं, पाटानं पाणी, जास्तीचं सगळं ओढ्यातनं नदीला. शिरोळ तालुक्यात जास्तीच्या पाण्यानं मीठ फुटलेल्या क्षारपड जमिनी किती झाल्यात ते बघा, त्या काही इचलकरंजीच्या रंगानं झालेल्या नाहीत. मी दोन वर्षांमागं ठिबक केलं, ते पण निम्म्याच रानात, बाकीच्याला पैसे नाहीत. हे लिहिल्याबद्दल गावात शिव्या खाव्या लागतील.

पण म्हणून सगळ्यांचा वाटा सारखा धरायचा का? पुतणीनं एका कागदावर हिशेब करून दाखवला. घरगुती सांडपाण्यातली घाण खायला जिवाणूंना लिटरमागं साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. डिस्टिलरीच्या, म्हणजे मळीपासून दारू-अल्कोहोल काढणाऱ्या कारखान्याच्या, मळीच्या पाण्याला ४० हजार आणि त्याच्या वर. म्हणजे १० हजार लिटरचा एकच टँकर रात्री ओढ्यात मोकळा झाला तर पाच कोटी लिटरपेक्षा जास्त चांगल्या पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाऊ शकतो. एक टँकर! नियम तर असा आहे की डिस्टिलरीनं एक थेंब बाहेर सोडायचा नाही. हे समजल्यावर गणपतीच्या निर्माल्यावरनं आम्हाला भाषण देणाऱ्यांचं मला हसू येतं, निर्माल्य टाकू नये हे खरंच आहे, आमच्या भागात मूर्तिदानाला, म्हणजे मूर्ती नदीत न सोडता देऊन टाकायला, लोकांनी चांगली साथ दिलीय, पण वर्षातले दहा दिवस आणि उरलेले तीनशे पंचावन्न यात काही फरक आहे की नाही.

कोल्हापूरकडं सांडपाण्याची केंद्रं झालीत, कसबा बावड्याचं ७६ एमएलडीचं, म्हणजे दिवसाला ७ कोटी ६० लाख लिटरचं, आहे, मान्य. पण केंद्र किती मोठं त्याच्यापेक्षा नाल्यातलं पाणी उपसून तिथंपर्यंत नेणारा पंप चालू आहे का हे महत्त्वाचं. लाईट गेली, पंप बिघडला की नाला बांधावरनं ओसंडून सरळ नदीत, आणि ते आम्हाला कळतं थेट नाकानं.

आणि इचलकरंजीचं बघा, घरासमोरनं नदी चाललीय आणि प्यायचं पाणी मजरेवाडीवरनं कृष्णेचं आणायचं. ते पुरंना म्हणून वारणेचं मागितलं तर वारणाकाठ उठला, दूधगंगेचं मागितलं तर कागलकर उठले. कुणाचं चुकलं? ज्यांनी आपली नदी जपली ते देतील कशाला. २०१२ ला तिथं काविळीची साथ आली होती, हजारो लोक आजारी पडले, आमच्या पाहुण्यांत एक बाई महिनाभर दवाखान्यात होत्या, पोटुशी होती बिचारी. ते सगळे विसरले, त्या बाई अजून पाणी उकळून पितात.

आता संपादक साहेब, माझी मागणी सरकारकडं नाही, तुमच्याकडं आहे. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी तुम्ही पहिल्या पानावर चौकट करून देता. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आमच्याकडं शाळेतल्या पोराला पाठ आहे. तासातासाला मोबाईलवर फुटांचा आकडा येतो, म्हातारी माणसं रात्री उठून विचारतात किती झालं. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात त्याच आकड्यावर आम्ही जनावरं हलवली. आकडा रोज डोळ्यासमोर असला की माणूस हलतो, कलेक्टरपासून गवळ्यापर्यंत. मग पाणी वाढतं त्याचा आकडा छापता तर पाणी मरतं त्याचा का नाही? अंघोळीच्या पाण्याला लिटरमागं ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन पाहिजे असं निकषच आहेत. तोच आपला इशारा समजा. डिसेंबर ते मे, रोज पहाटे पाच वाजताचा ऑक्सिजन, राजाराम, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशा चार बंधाऱ्यांचा, एवढीशी चौकट. कुठल्या दोन बंधाऱ्यांच्या मध्ये आकडा एकदम कोसळला ते कुणीही घरबसल्या वाचेल, मग साहेबांना शोधायला कोल्हापुरातनं यायला नको, त्या दोन बंधाऱ्यांमधले ओढे मोजके आहेत.

मशीन बसवा, नाहीतर माणूस पाठवा. तेही नाही जमलं तर काठावरच्या सायन्स कॉलेजांची पोरं आहेत, त्यांना काचेच्या बाटल्या आणि केमिकल द्या, पेट्रोलचे पैसे द्या, पोरं आनंदानं पहाटे जातील, आमची गेली होती. तेरवाडचं मी बघतो, पुतणीनं मला बाटली भरायला शिकवलंय, बुडबुडा राहत नाही आता. एक गोष्ट मात्र आधी सांगून ठेवतो. हा बंधारा म्हणजे बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, घालून पाणी अडवायचा आपला कोल्हापुरी बंधारा, बरगे काढल्यावर दोन दिवस आकडा वेडावाकडा येणार, त्या दिवशी चौकटीत तसं लिहा नाहीतर लोक म्हणतील नदी सुधारली.

तुमचा अंक आमच्या गावात साडेसातला येतो, तोवर धारा काढून झालेल्या असतात. म्हैस नदीवर सोडायची का हौदावरच पाजायची हे मी सध्या वास घेऊन ठरवतो. तिला वासावर कळतं, ती तोंडच लावत नाही. मला आकडा लागतो.

कळावे, लोभ असावा.

आपला रोजचा वाचक,
एक शेतकरी, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर

(नाव छापू नका, उसाचं बिल अजून यायचंय.)