व्हिडिओचं विचारता, सर्दीचंही विचारा

संपादक महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत मालवण-तारकर्लीला जायचे बेत घरोघरी ठरत असतील. त्यात ‘स्कूबा’, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाणं, असणारच, म्हणून हे पत्र.

गेल्या हंगामात माझा १९ वर्षांचा भाचा सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात उतरला, तेव्हा त्याचं नाक चोंदलेलं होतं. होडीत कागदावर सही घेतली, व्हिडिओ हवा का हे दोनदा विचारलं. सर्दी आहे का, हे कुणी विचारलं नाही. दोन-तीन मीटरवरच कानात कळ आली. वर नेण्याची खूण त्याला आठवेना, कारण ती इंजिनाच्या धडधडीत घाईघाईने दाखवलेली. रात्री उशीवर रक्ताचा डाग पडला. कानाचा पडदा फाटला होता.

मी स्वतः वयाच्या ५२व्या वर्षी ओपन वॉटर कोर्स (स्कूबाचा पहिला रीतसर कोर्स) केला आहे, त्यामुळे ‘सहा-सात मीटर तर जायचं, काही होत नाही’ हे ऐकलं की राग येतो. पहिल्या दहा मीटरमध्येच पाण्याचा दाब दुप्पट होतो आणि कानाला सगळ्यात जास्त जाच तिथेच होतो. कान मोकळा करायला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, तेही डोकं पाण्याखाली जाताच. दुखायला लागेपर्यंत थांबायचं नाही. कान मोकळा होत नसेल तर थोडं वर यायचं, पुन्हा बघायचं. तरी झाला नाही तर त्या दिवशी डुबकी नाही. जोर लावून फुंकायचं तर मुळीच नाही. आणि श्वास कधीही रोखून धरायचा नाही. वर येताना छातीतली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते.

हे कमरेएवढ्या पाण्यात अर्धा तास करून घेतलं तर अंगवळणी पडतं. तेवढा वेळ पर्यटकांनी हट्टाने मागावा.

साहित्यात पहिली खरेदी मास्कची करा, बाकी भाड्याने चालतं. पोहण्याचा गॉगल उपयोगाचा नाही. नाक बाहेर राहतं, मग कान मोकळा कसा करणार? दुकानात पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने श्वास आत घ्या, हात सोडा. चिकटून राहिला तर तो तुमचा. केसाची एक बट आत अडकली तरी पाणी शिरतं. सिलिंडरचा दाब दाखवणारा काटा स्वतः बघा, भरलेल्या सिलिंडरचा दाब २०० बारच्या आसपास असायला हवा. काट्याकडे बघत तोंडाने दोन-तीन श्वास घ्या. काटा खालीवर नाचला तर व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही.

कोर्स करणाऱ्या आम्हा कोल्हापूरकरांसाठी आणखी एक. एका डुबकीनंतर १२ तास आणि लागोपाठच्या डुबक्यांनंतर १८ तास विमान टाळायला सांगतात. पण घाट चढणं हेही उंचीवर, म्हणजे हवेच्या कमी दाबात जाणंच आहे. दोन दिवस डुबक्या मारून त्याच संध्याकाळी आंबोली चढू नका. मी ती रात्र मालवणातच काढली होती.

भाच्याचा कान आता बरा आहे. कानाच्या डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली आहे आणि येत्या सुट्टीत आम्ही दोघं जातोय. शिंक जरी आली तरी होडीत बसून राहायचं, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.

– एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर