अण्णा, तुमच्या जुन्या डिशवर क्यूओ-१०० ऐकू येतोय

ती. अण्णांना सा. न. वि. वि.

नाव कुठं टाकू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं अण्णा. सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

कतारच्या एस्हेल-२ उपग्रहावर हौशी रेडिओवाल्यांसाठी क्यूओ-१०० नावाचा ट्रान्सपाँडर, म्हणजे खालून आलेला आवाज पुन्हा खाली पाठवणारा संच, बसवलाय. नोव्हेंबर २०१८ मध्ये तो वर गेला. भूस्थिर कक्षेतली (जिथून उपग्रह आकाशात एकाच जागी दिसतो) हौशींची ही पहिलीच सोय. २.४ गिगाहर्ट्झवर बोलायचं आणि १०.४९ च्या किंचित खाली ऐकायचं. मायक्रोवेव्ह म्हटलं की लोक महागड्या उपकरणांच्या गोष्टी करतात. पण टीव्हीच्या डिशसमोर बसते त्या एलएनबीचा ऑसिलेटर ९७५० मेगाहर्ट्झचा असतो, तेवढे वजा होऊन हाच सिग्नल केबलमधून ७४० मेगाहर्ट्झच्या आसपास उतरतो आणि संगणकाला लावायचा साधा यूएसबी रेडिओ डोंगल तो पकडतो. हे मला वाचून माहीत होतं. जमवून दिलंत तुम्ही.

जुना माल 'जसा आहे तसा' विकायची बाजाराची रीत. तुमच्याकडे प्रत्येक वस्तूला चिकटपट्टी, आणि तिच्यावर पेनानं दोष लिहिलेला: 'कनेक्टर ढिला', 'पाणी गेलेलं', 'फक्त १३ व्होल्टवर चालते'. त्या शेवटच्या एलएनबीवर गिऱ्हाईक नाक मुरडायचं. मला नेमकी तीच हवी होती, कारण क्यूओ-१०० वरच्या बोलण्याच्या लहरी उभ्या ध्रुवणाच्या, म्हणजे उभ्या दिशेनं कंपणाऱ्या, आणि एलएनबी त्या १३ व्होल्टवरच घेते. शिवाय ती पीएलएलची, म्हणजे फ्रिक्वेन्सी पक्की धरून ठेवणारी. सोलापूरच्या उन्हात गच्चीवरच्या साध्या एलएनबीची फ्रिक्वेन्सी एवढी सरकते की बोलणाऱ्याचा आवाज धरून ठेवता येत नाही. ही तुम्ही माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलीत आणि म्हणालात, "आधी लावून बघ, चालली तर पैसे दे."

बायस-टी (त्याच केबलमधून एलएनबीला बॅटरीची वीज देणारा जोड) लावताना तर तुम्ही माझा हातच धरलात. मीटरची एक पिन जमिनीला, दुसरी डोंगलकडच्या टोकाला लावून काटा शून्यावर दाखवलात, मगच डोंगल लावू दिलात. बॅटरीचा करंट तिकडं गेला असता तर डोंगल जळालाच असता.

गल्लीतल्या सगळ्या डिश दक्षिणेकडं, वर मान करून. आपली पश्चिमेला, थोडी नैर्ऋत्येकडं झुकलेली. उपग्रह क्षितिजापासून तीस अंशांवर असल्यामुळं आपली ऑफसेट डिश (एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असलेली) जवळजवळ उभीच दिसते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पडली वाटतं." एलएनबीही बरीच फिरवून बसवावी लागली. मग स्क्रीनवर बीकनची, म्हणजे उपग्रहावरून सतत येणाऱ्या खुणेच्या सिग्नलची, रेघ उमटली आणि पाठोपाठ माणसांचे आवाज आले. छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरून, अण्णा, तुमच्या भंगारातून!

आता २.४ ची, म्हणजे बोलायची, बाजू उभी करायचीय. तुमच्याकडं जुने वायफाय अँप्लिफायर आलेत असं ऐकलं. चिकटपट्टी लावून ठेवा, मी येतोच. पण त्याआधी एका रविवारी वहिनींना घेऊन गच्चीवर या. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि हेडफोन, तिन्ही तयार ठेवतो.

तुमचा,
गच्चीवरचा रेडिओवाला