टीम लीड झालेल्या लेकीस

चि. मृणाल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

टीम लीड झाल्यापासून रविवारची दुपार कलली की छातीत धडधड सुरू होते, असे तू परवा फोनवर म्हणालीस आणि लगेच "चालायचंच, सगळ्यांचंच असं आहे" म्हणून विषय बदललास. मला तो विषय सोडवत नाही, म्हणून लिहायला बसलो.

नोकरीभर डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून खिडकीत बसून चालक-वाहकांना ड्युट्या वाटल्यामुळे थकलेला माणूस मला चटकन ओळखू येतो. मुक्कामी गाडी घेऊन परतलेला चालक "मी थकलो" असे क्वचितच म्हणे. तो लॉगशीट आपटे, सुट्या पैशांवरून वाहकाशी हुज्जत घाली, किंवा एरवी बडबड्या असूनही गप्प राही, आणि मला धास्ती वाटे ती या गप्प राहणाऱ्याची. आमच्या वेळी मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ चा स्वतंत्र कायदा होता आणि त्यात सर्वसाधारणपणे दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी मर्यादा होती. चालकाला डुलकी लागली तर मागे बसलेल्यांचे काय होईल, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. तुमचा थकवा मात्र खुर्चीत बसल्या जागी जिरतो, त्यामुळे तो मोजायचे कुणाच्या मनातही येत नाही.

म्हणून तो तूच मोज. रात्री अमेरिकेतल्या लोकांशी होणारे कॉल आणि जेवताना पाहिलेले ई-मेल धरून आठवड्याचे तास एकदा कागदावर मांड. हिंजवडीच्या वाहतुकीत जातात ते वेगळे लिही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो. तुमच्याकडे शुक्रवारी ध्यानाचा वर्ग घेतात, ते चांगलेच आहे. पण वर्ग सुटताच सोमवार सकाळची डेडलाइन हातात पडत असेल, तर दीर्घ श्वास घेऊन काय साधणार? हातातल्या सगळ्या कामांची यादी साहेबांपुढे ठेव आणि यातले कोणते काम पुढे ढकलू, एवढेच विचार. तक्रारीच्या सुरात विचारू नकोस. ड्युटी लावणाऱ्याला गाड्या किती आणि माणसे किती हे दाखवावेच लागते.

आता तूही ड्युटी लावणारी झाली आहेस, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. तुझ्या हाताखालचा तो नवा मुलगा हल्ली मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, असे तू ओघात बोलून गेलीस. त्याला चारचौघांत काही विचारू नकोस; चहाला बाहेर ने, कामाच्या आकड्यांचा विषय काढू नकोस आणि तो बोलू लागला की मध्ये उपाय सुचवू नकोस. रात्री अकराला तुला काही सुचले तर लिहून ठेव, पण मेसेज सकाळी पाठव. "उद्या बघितलंस तरी चालेल" असे तू कितीही लिहिलेस, तरी लीडचा मेसेज आला की पोरगा उठून बसणारच.

आणि झोप उडणे, धडधड, कशातच मन न लागणे हे दोन आठवड्यांहून अधिक चालले, तर सरळ डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला तर मराठीतही बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराच्या उपचारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा देणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे, तेव्हा तुझी पॉलिसी काढून एकदा नीट वाच. लोक काय म्हणतील याची काळजी करू नकोस. आईच्या रक्तदाबाची गोळी आपण कधी लपवून ठेवली आहे का?

रविवारी फोन करशील तेव्हा तासांची बेरीज किती झाली आणि साहेब यादीवर काय म्हणाले, ते आधी सांग. आईचे आशीर्वाद.

तुझे,
बाबा