अपडेट फसले म्हणून कॅमेरा भंगारात नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दारावरचा किंवा सोसायटीच्या पार्किंगमधला कॅमेरा फर्मवेअर (त्याला चालवणारा आतला प्रोग्रॅम) अपडेट करताना मध्येच बंद पडला, की दुकानदाराकडून बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : ‘बोर्ड गेला, नवीन घ्या.’ त्याहून वाईट म्हणजे, एकदा हात पोळला की ते घर पुन्हा कधी अपडेटच्या वाटेला जात नाही. अपडेट फसलेले पुष्कळ कॅमेरे दुरुस्त होतात. ते कसे आणि कंपन्यांनी त्यासाठी काय करायला हवे, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

आधी पाहायचे ते अपडेट नेमके कुठे अडले. फाइल कॅमेऱ्यापर्यंत आलीच नाही, आली पण कॅमेऱ्याने नाकारली, की आतल्या फ्लॅश मेमरीत लिहिली जात असताना वीज गेली? पहिल्या दोन प्रकारांत जुने फर्मवेअर शाबूत असते. कॅमेरा चित्र दाखवत राहतो, फक्त अॅपवर अपडेट झाले नसल्याचा संदेश येतो. खरा धोका तिसऱ्या प्रकारात आहे.

फाइल येत नसेल तर दोष बहुधा वायफायचा असतो. घरगुती कॅमेरे बहुतांशी २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि गेटवरच्या कॅमेऱ्यापर्यंत दोन भिंतींपलीकडून सिग्नल जेमतेम पोहोचतो. थेट चित्र अडखळत का होईना दिसते, पण पूर्ण फाइल उतरत नाही. अपडेटपुरता कॅमेरा राउटरजवळ आणून लावावा किंवा नेटवर्कची वायर जोडावी. दुसरे कारण सहसा कुणी तपासत नाही : कॅमेऱ्याचे घड्याळ. अनेक स्वस्त कॅमेऱ्यांत घड्याळासाठी बॅटरी नसते. वीज गेली की तारीख १९७० सालावर जाते आणि इंटरनेटवरून वेळ मिळाली नाही तर सर्व्हरचे सुरक्षा प्रमाणपत्र कॅमेऱ्याला अवैध वाटून जोडणीच होत नाही. चित्राच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली की हे लगेच कळते. डीव्हीआरची (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या पेटीची) तारीख वारंवार मागे जात असेल तर बोर्डवरचा ३ व्होल्टचा बटणसेल बदलावा.

फाइल नाकारली जात असेल तर स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक अक्षरन् अक्षर जुळवावा, शेवटच्या अक्षरांसकट. बाहेरून सारखे दिसणाऱ्या दोन कॅमेऱ्यांत चिप वेगळी असू शकते. झिप फाइल न उघडता तशीच देणे ही नेहमीची चूक. फार जुन्या आवृत्तीवरून थेट नव्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही, मधली आवृत्ती आधी टाकावी लागते, असेही काही मॉडेलांत असते. परदेशी बाजारासाठी बनलेला स्वस्त माल इथे विकला गेला असेल तर अधिकृत फर्मवेअर भाषा जुळत नसल्याचे सांगून अडते. तेव्हा जबरदस्ती करू नये, कॅमेरा त्यातच मरतो. नव्या कॅमेऱ्यांत जुन्या आवृत्तीवर परतण्याची वाट मुद्दाम बंद केलेली असते. ती सुरक्षेसाठीच असते, बिघाड नव्हे.

आता मुख्य मुद्दा. साध्या कॅमेऱ्यात सगळे फर्मवेअर ८ किंवा १६ एमबीच्या एका फ्लॅश चिपवर असते. महागड्या उपकरणांत दोन प्रती ठेवतात, म्हणजे एक फसली तर दुसरी चालू होते. इथे दुसरीला जागाच नसते. जुने पुसून त्याच जागी नवे लिहिले जाते आणि त्या मिनिट-दोन मिनिटांत वीज गेली की अर्धवट फर्मवेअर उरते. पण चिपच्या सुरुवातीला बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो आणि बहुतेक अपडेट त्याला हात लावत नाहीत. तो जिवंत असला की कॅमेरा परत आणता येतो.

म्हणून अपडेट नेहमी दिवसा करावे. रात्री इन्फ्रारेड दिवे लागतात, कॅमेऱ्याची विजेची मागणी वाढते आणि आधीच अशक्त झालेला अॅडॉप्टर नेमका तेव्हा कोसळतो. लांब व बारीक वायरीवर १२ व्होल्टचे कॅमेऱ्याच्या टोकाशी १०.५ उरलेले मीटरवर सहज दिसते. मोजायचे ते कॅमेरा चालू ठेवून आणि कॅमेऱ्याच्या टोकाशी, अॅडॉप्टरपाशी नव्हे. एकाच एसएमपीएसवर (सामाईक वीजपुरवठ्याच्या डब्यावर) आठ कॅमेरे असतील तर एका वेळी एकच अपडेट करावा. राउटर आणि कॅमेरा दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत आणि इन्व्हर्टरचे बटण यूपीएस मोडवर हवे, नाहीतर वीज जाताना होणारा क्षणाचा खंडही पुरतो. पावसाळ्यात, वीज ये-जा करत असताना, अपडेटला हातच लावू नये. आणि कोणत्याही अपडेटआधी सेटिंग्जची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवावी.

अपडेट ९९ टक्क्यांवर थांबलेले दिसले की लोक प्लग ओढतात. बंद पडलेल्या कॅमेऱ्यांमागे आम्हाला सर्वांत जास्त दिसणारे कारण हेच. कॅमेरा स्वतःला पुन्हा सुरू करतो तेव्हा अॅपचा संपर्क तुटतो आणि आकडा तिथेच गोठतो. आत काम चालूच असते. निदान वीस मिनिटे काही करू नये. रीसेट बटणावरही भिस्त ठेवू नये. रीसेटने सेटिंग्ज पुसली जातात, जुने फर्मवेअर परत येत नाही.

वीस मिनिटांनंतरही चित्र येत नसेल, दिवे लागून सारखे विझत असतील, तर बूटलोडरकरवी फर्मवेअर भरावे लागते. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या हिकव्हिजनच्या अनेक वायरवाल्या मॉडेलांत ते टीएफटीपी (नेटवर्कवरून फाइल पाठवण्याच्या एका साध्या) पद्धतीने होते. कॅमेरा आणि लॅपटॉप एका साध्या स्विचला वायरने जोडावेत. थेट जोडल्यास लॅपटॉपचा पोर्ट उशिरा जागा होतो आणि संधी हुकते. लॅपटॉपचे वायफाय व फायरवॉल तेवढ्यापुरते बंद करावे आणि नेटवर्कचा पत्ता १९२.०.०.१२८, सबनेट २५५.२५५.२५५.० असा हाताने द्यावा. कंपनीचा टीएफटीपी प्रोग्रॅम आणि त्याच मॉडेलची डिजिकॅप नावाची फर्मवेअर फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवून प्रोग्रॅम सुरू करावा. मग कॅमेऱ्याची वीज काढून पुन्हा द्यावी. बूटलोडर सुरुवातीच्या काही सेकंदांत १९२.०.०.६४ या पत्त्यावरून फाइल मागतो. फाइल गेल्याचा आणि नंतर अपडेट पूर्ण झाल्याचा संदेश दिसला की प्रोग्रॅम लगेच बंद करावा. तो चालू राहिला तर पुढच्या सुरुवातीला कॅमेरा तीच फाइल पुन्हा ओढू लागतो. संदेशच येत नसेल तर प्रथम फायरवॉल, मग वायर, मग पत्ता तपासावा. दाहुआ बनावटीच्या कॅमेऱ्यांतही अशीच सोय आहे, पण पत्ते व फाइली वेगळ्या.

वायफायच्या छोट्या कॅमेऱ्यांत ही वाट मेमरी कार्डातून जाते. अमेरिकेतल्या मराठी घरांत ज्यांच्याकडे वायझ या कंपनीचे कॅमेरे आहेत, त्यांना कंपनी फाइल आणि कृती दोन्ही खुलेपणाने देते : ३२ जीबी किंवा त्याहून लहान कार्ड फॅट-३२ या फाइल-मांडणीत फॉरमॅट करायचे, सांगितलेल्या नावाची फाइल कोणत्याही फोल्डरबाहेर ठेवायची, सेटअपचे बटण दाबून धरून वीज द्यायची आणि दिव्याचा रंग बदलला की बटण सोडायचे. ६४ जीबीचे कार्ड मुळात एक्सफॅट या वेगळ्या मांडणीत येते, ते बूटलोडरला वाचता येत नाही आणि लोक समजतात की कॅमेराच मेला.

या दोन्ही वाटांनी सुरू न होणारा कॅमेरा जाणत्या दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यावा. तो बोर्डवरच्या ३.३ व्होल्टच्या सिरियल जोडणीतून किंवा फ्लॅश चिप प्रोग्रॅमरवर लावून काम करतो. त्याने आधी चिपची प्रत घेतली का, हे जरूर विचारावे. दुसऱ्या कॅमेऱ्याची प्रत तशीच भरली तर सिरियल क्रमांक आणि मॅक पत्ताही (नेटवर्कवरची उपकरणाची ओळख) त्याचाच येतो आणि एका नेटवर्कवर दोघे भांडत बसतात.

एवढा खटाटोप कशाला, जुने चालू आहे ना, असे म्हणणाऱ्यांसाठी दोन घटना. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने कारखान्याचा पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर डाइन या कंपनीच्या डीएनएस सेवेवर (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या) हल्ला झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कोलमडल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या अनेक मॉडेलांत अशी त्रुटी जाहीर झाली की पासवर्डशिवाय कॅमेऱ्याचा ताबा घेता येत होता. तिच्यावरचा इलाज नवे फर्मवेअर हाच होता.

केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्हीसाठी सुरक्षा चाचण्या बंधनकारक करणारी अधिसूचना काढली. ९ एप्रिल २०२५ पासून ती लागू आहे. फर्मवेअरवर कंपनीची डिजिटल सही असणे आणि कॅमेऱ्याने ती तपासणे हा त्या चाचण्यांचा भाग आहे. हे चांगलेच झाले. पण आता बाहेरून मिळवलेली जुनी फाइल चालणार नाही, म्हणजे दुरुस्तीसाठी ग्राहक पूर्णपणे कंपनीवर अवलंबून राहणार. तेव्हा प्रत्येक मॉडेलचे अधिकृत फर्मवेअर, त्याची पडताळणी बेरीज (फाइल बिघडलेली नाही हे तपासायचा आकडा) आणि बंद कॅमेरा परत आणण्याची कृती मराठीसह भारतीय भाषांत संकेतस्थळावर ठेवणे कंपन्यांना भाग पाडावे. आणि अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील ते खोक्यावर छापावे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून उत्पादकांना किमान कालावधी जाहीर करावा लागतो. तोवर सोसायट्यांच्या सचिवांनी कोटेशन मागवतानाच या दोन गोष्टी लेखी मागाव्यात आणि देखभालीच्या वार्षिक करारात अपडेट कोण करणार, फसल्यास खर्च कोणाचा, हे कलम घालून घ्यावे.

आपले,
सीसीटीव्ही बसवणारे व दुरुस्त करणारे काही तंत्रज्ञ, पुणे