कॅरेक्टर अ‍ॅनिमेशन प्रकल्प : शनिवारी जमा करणे

शेवटच्या सत्राच्या सर्व विद्यार्थ्यांनो,

प्रकल्प येत्या शनिवारी संध्याकाळी ६ पर्यंत लॅबच्या सर्व्हरवर आपापल्या फोल्डरमध्ये ठेवा. मुदत वाढणार नाही.

रेंडरचा (संगणकाने शॉटची अंतिम चित्रं तयार करण्याचा) हिशेब आजच करा. १० सेकंदांचा शॉट म्हणजे सेकंदाला २४ प्रमाणे २४० फ्रेम (स्थिर चित्रं). एका फ्रेमला ५ मिनिटं धरली तरी एक मशीन सलग २० तास अडकतं. म्हणून बुधवारनंतर नवा शॉट सुरू करू नका.

- थेट व्हिडिओ नको, प्रत्येक फ्रेमची वेगळी पीएनजी चित्र-फाइल काढा. वीज गेली तरी झालेलं काम वाचतं.
- ब्लेंडर (थ्री-डी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर) फाइलमध्येच टेक्श्चर (पृष्ठभागावर लावलेली चित्रं) पॅक करा.
- चालताना पाय घसरतोय का, पाहा.

लिप-सिंक (संवादाशी ओठांचा मेळ) थोडं कच्चं चालेल. पात्राचं वजन मात्र जाणवलंच पाहिजे.

ज्यांचा रिग (पात्र हलवण्यासाठीचा आतला सांगाडा) अडला असेल त्यांनी गुरुवारी दुपारी ३ ते ५ लॅबमध्ये यावं.